‘मॅडम, हे साईटवर कुठं लागतं?’

पत्र: सप्रेम नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात यंदापासून तासिका तत्त्वावर शिकवते. माझं एम.ए. अर्थशास्त्रात झालं आहे. स्थापत्य पदविकेच्या शेवटच्या वर्षाला बांधकामाचं अर्थशास्त्र शिकवायला मला दिलं आहे, आठवड्याला तीन तास. मागणी-पुरवठ्याचा आलेख फळ्यावर काढला की निम्मी मुलं खाली मान घालून मोबाइल बघतात. गेल्या आठवड्यात एका मुलानं उभं राहून विचारलं, ‘मॅडम, हे साईटवर कुठं लागतं?’ मला उत्तर देता आलं नाही. तो सुट्टीत वडिलांबरोबर सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅबखालचा साचा आणि टेकू उभारायच्या, कामाला जातो. बांधकामातलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि वर्गाला ते ठाऊक आहे. विभागातले सहकारी म्हणतात, नोट्स उतरवून द्या, मुलं पास होतात, कशाला डोक्याला ताप. मला तसं करायचं नाही. पण सुरुवात कुठून करू?
– एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र आलं त्या दिवशी दोनदा वाचलं. हाच प्रश्न मलाही एका मुलानं विचारला होता, जवळजवळ ह्याच शब्दांत. मी तर अकरा वर्षं साईटवर काढून शिकवायला आलो होतो, तरी माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आधी हे सांगतो की बांधकाम न कळणं ही तुमची खरी अडचण नाही. मला बांधकाम कळत होतं, अर्थशास्त्र पुस्तकातून वाचलं होतं, आणि दोघांची गाठ मी कधी घालूनच दिली नव्हती. समोर बसलेली मुलं गवंड्यांची, मुकादमांची, छोट्या कंत्राटदारांची. एकाच्या घरी वीटभट्टी होती. त्यांना मी चहा महागला की कॉफी कशी खपते ते समजावत होतो.

तुमच्या त्या विद्यार्थ्यानं उद्धटपणा केलेला नाही. सगळ्या वर्गाच्या पोटातलं त्यानं ओठावर आणलं. ज्याला विषयाशी काही देणंघेणं नसतं तो असा उभा राहून विचारत नाही, तो नोट्स उतरवतो आणि जातो. त्याला उत्तर द्या, पण तोंडी देऊन भागणार नाही. सत्रभर थोडं थोडं द्यावं लागेल.

माझा सल्ला असा: एक घनमीटर काँक्रीट घ्या आणि पहिले दोन महिने त्याच्यावरच काढा.

एकास दीडास तीन (सिमेंट, वाळू, खडी) ह्या प्रमाणात एम 20 प्रतीचं काँक्रीट करायचं तर एका घनमीटरला साधारण 8 गोण्या सिमेंट, 0.42 घनमीटर वाळू आणि 0.84 घनमीटर खडी लागते. हे आकडे तुम्हाला नवे असतील, वर्गाला नाहीत; अंदाजपत्रकाच्या तासाला मुलांनी ते घोकलेले असतात. त्यांनाच फळ्यावर लिहू द्या, तुम्ही बाकावर बसा. मग मजुरी, मिक्सरचं भाडं, पाणी, वरचा नफा असं सगळं मिळून एक दर निघेल. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची ग्रंथालयात असतेच, तिच्यातल्या दराशी तो ताडून बघा. इथवर त्यांचा विषय. तुमचा विषय ह्यानंतर सुरू होतो, आणि तो एकाच प्रश्नानं सुरू होतो: ह्या ओळीतला भाव एवढाच का?

वाळूपासून सुरुवात करा. तुमच्याकडे भीमेची वाळू, सगळ्यांनी पाहिलेली. 2013 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं पर्यावरण परवानगीशिवाय नदीपात्रातून वाळू उपसायला मनाई केली. पुरवठा आवळला, भाव चढला, आणि बघता बघता गावोगावी क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, येऊन पडली. आधी गवंडी नाक मुरडायचे, तिचं प्लास्टर खरबरीत होतं म्हणायचे. आता तेच लोक मागून घेतात. 2016 च्या सुधारित भारतीय मानकानं खडी-वाळूच्या व्याख्येत अशा तयार केलेल्या वाळूला जागाही दिली. मुलांना हे सगळं माहीत आहे. त्याला पर्यायी वस्तू म्हणतात आणि भाव चढल्याशिवाय पर्याय सहसा पुढे येत नाही, एवढंच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. चहा-कॉफीनं जे सांगायचं ते वाळूनं सांगा. 2023 मध्ये राज्य सरकारनं डेपोतून 600 रुपये ब्रासनं वाळू द्यायचं धोरण आणलं. (ब्रास म्हणजे शंभर घनफूट. हा शब्द तुम्ही चुकवलात तर वर्ग हसेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.) तुमच्या गल्लीतल्या कुणाला त्या भावानं वाळू मिळाली का, आणि दारात येऊन पडेपर्यंत ती कितीला पडली, हे मुलांना विचारून यायला सांगा. ठरवून दिलेला भाव आणि दारातला भाव ह्यांच्यात किती अंतर पडलं, ते कुणाच्या खिशात गेलं, ह्यावर एक अख्खा तास निघतो.

खडीचं अर्थशास्त्र म्हणजे खाणीपासूनचं अंतर. त्याला मुलं ‘लीड’ म्हणतात आणि त्याचा हिशेब तुमच्यापेक्षा लवकर करतात, तिथं रेंगाळू नका.

सिमेंटवर मात्र थांबा. सिमेंट जड आणि वजनाच्या मानानं स्वस्त, म्हणून फार लांब न्यायला परवडत नाही. चुनखडी जिथं तिथं कारखाना: आपल्या राज्यात चंद्रपूर, आणि तुमच्या सोलापूरला जवळचा म्हणजे कर्नाटकातला वाडीचा पट्टा. कारखाना काढायला प्रचंड भांडवल लागतं, त्यामुळे विकणारे मोजके. मोजके विक्रेते असले की ते एकमेकांकडे बघून भाव लावतात, ही पुस्तकातली अल्पाधिकाराची गोष्ट. 2012 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं संगनमताच्या प्रकरणात 11 सिमेंट उत्पादकांना मिळून 6,000 कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. हे वर्गात सांगितल्यावर मोबाइल खाली ठेवले जातात, हा माझा अनुभव आहे.

आणि ताजं उदाहरण हवं असेल तर कराचं घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. समजा कर सोडून गोणीची किंमत 280 रुपये. आधी ती 358 रुपये 40 पैशांना पडायची, आता 330 रुपये 40 पैशांना पडायला हवी. गोणीमागं 28 रुपये, एका घनमीटरला 224. पण दुकानात ती खरोखर तेवढी उतरली का? मुलांना ओळखीच्या दुकानदाराकडून त्या तारखेच्या आधीचं एक आणि नंतरचं एक, अशी दोन बिलं आणायला सांगा. काही बिलांत पूर्ण 28 रुपये दिसतील, काहींत कमी. कर कमी झाला की त्याचा फायदा कुणाला किती मिळतो, हे मागणी आणि पुरवठा किती ताठ आहेत, म्हणजे भाव बदलला तरी किती कमी हलतात, त्यावर ठरतं. आता फळ्यावर तुमचा तो आलेख काढा. ह्या वेळी त्यांना तो लागणार आहे, कारण हातात बिलं आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. आधी हिशेब, मग नाव, आणि आलेख सगळ्यात शेवटी, हा क्रम मी पुढे नोकरी संपेपर्यंत सोडला नाही.

आता स्लॅबचा दिवस. तुम्ही तो एकदा डोळ्यांनी बघाच. बघेपर्यंत मी सांगतो तेवढ्यावर भागवा.

सकाळी नारळ फुटतो आणि मिक्सर सुरू होतो. समजा हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब आहे. बीमचं धरलं नाही तरी साधारण 12 घनमीटर काँक्रीट. म्हणजे 96 गोण्या. एका वेळी एका गोणीचा माल काढणारा मिक्सर असेल तर 96 खेपा. भरणं, फिरवणं, ओतणं मिळून एका खेपेला चार मिनिटं धरा. तासाला पंधरा खेपा, सगळं आटपायला सहा तास चोवीस मिनिटं. आता माणसं किती लावायची? खाली वाळू-खडीची घमेली भरणारे, मिक्सरवरचा, वर माल नेणारी रांग, पसरणारे, व्हायब्रेटर धरणारा. समजा दहाच माणसं आहेत. मिक्सर माल तयार करून उभा राहतो, कारण तो उचलायला कुणी मोकळं नाही. अकरावा माणूस आला की कामाला लगेच वेग येतो. बाराव्यानं, तेराव्यानंही येतो. सोळा-सतरा झाले की मिक्सर क्षणभरही थांबत नाही. त्याच्यावर अठरावा लावा, एकोणिसावा लावा: मिक्सर चार मिनिटांना एकच खेप देणार. माणसं घमेलं हातात घेऊन उभी राहतात. बाविसावा आला की शिडीवर गर्दी होऊन उलट काम मंदावतं.

घटत्या सीमांत उत्पादनाचा नियम ह्याच्यापेक्षा स्पष्ट मी कुठल्याच पुस्तकात पाहिलेला नाही. एक घटक अडून बसला आहे, तो मिक्सर. दुसरा वाढवत नेला तर एका टप्प्यानंतर त्याच्यापासून मिळणारं कमी कमी होत जातं. मुलांना प्रत्यक्ष स्लॅबवर पाठवा. दोघांनी घड्याळ लावून खेपा मोजायच्या, दोघांनी माणसं मोजायची, एकानं मिक्सर रिकामा किती मिनिटं उभा राहिला ते टिपायचं. नंतर वर्गात विचारा की सतराव्या माणसाला दिलेला रोज वसूल झाला का आणि अठराव्याचा झाला का. त्यानंतर दुसरा मिक्सर भाड्यानं आणला तर काय होईल हे तुम्हाला विचारावं लागणार नाही, तेच विचारतील. तयार काँक्रीटची गाडी आणि पंप कधी परवडतो हेही तिथूनच निघेल. एक गोष्ट मुद्दाम बघायला सांगा. घमेली वाहणाऱ्या बाया आणि पुरुष एकाच रांगेत असतात, घमेलं तेवढंच असतं, आणि संध्याकाळी हातावर पडणारा रोज सारखा नसतो. समान वेतनाचा कायदा 1976 मध्येच झाला होता. असं का चालतं, हे वर्गातल्या मुलींना आधी बोलू द्या.

काँक्रीटचा दर संपला की कामाच्या बिलाकडे वळा. ही जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि आपल्याकडे शिकवताना नेमकी हीच सुटते. दरविश्लेषणात मुलं कंत्राटदाराचा नफा 10 टक्के धरायला शिकतात आणि वही मिटतात. पैसे कधी मिळणार हे त्या वहीत कुठंच नसतं.

फळ्यावर हे मांडा. कंत्राटदाराचा खर्च 10 लाख. त्यावर 10 टक्के नफा, म्हणजे काम 11 लाखांचं. पदरचे पैसे नाहीत म्हणून त्यानं ते 10 लाख खाजगीत शेकडा 2 रुपये महिना व्याजानं उचलले. मजुरांची खर्ची दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी द्यावीच लागते, तिथं उधारी चालत नाही. इकडे मोजमाप पुस्तिकेत नोंद, तपासणी, सह्या आणि निधी ह्या फेऱ्यांत बिल चार महिन्यांनी निघालं. व्याज झालं 80 हजार. एक लाखाच्या नफ्यातून उरले 20 हजार. आता दुसरी पायरी. काम मिळावं म्हणून त्यानं निविदा 5 टक्के ‘बिलो’, म्हणजे ठरलेल्या रकमेपेक्षा कमी, भरली होती. म्हणजे 11 लाखांऐवजी 10 लाख 45 हजार मिळाले. नफा राहिला 45 हजार, व्याज 80 हजार. कागदावर नफ्यात असलेल्या कामात तो 35 हजारांनी बुडाला.

इथं खडू खाली ठेवा आणि विचारा, हे 35 हजार तो कुठून भरून काढेल?

वर्ग गप्प होतो. सगळ्यांना उत्तर माहीत असतं आणि बोलायचं नसतं. मग कुणीतरी हळूच म्हणतं, आठ गोण्यांच्या जागी सहा. मीही हे साईटवर पाहिलं आहे. एका शाळाखोलीच्या कामावर मी देखरेखीला होतो. निविदा फार खाली गेली होती आणि बिल अडकलं होतं. मिक्सरपाशी उभा राहून मी गोण्या मोजत होतो, तोवर प्रमाण बरोबर होतं. जेवायला गेलो तेवढ्यात सहा-सात खेपा कमी सिमेंटच्या गेल्या. रंगावरून लक्षात आलं. तेवढा भाग मी फोडायला लावला. कंत्राटदार हात जोडून रडला. तो लबाड माणूस नव्हता. त्याच्या बायकोचे दागिने गहाण होते. काँक्रीट मात्र फोडावंच लागलं, कारण त्या खोलीत मुलं बसणार होती.

म्हणून मला वाटतं की व्याज आणि रोकड ह्यांचा हिशेब न शिकवता आपण ह्या मुलांना साईटवर पाठवतो तेव्हा त्यांच्यावर अन्याय करतो. ह्यातली बरीच जण पाच-सात वर्षांत स्वतः निविदा भरतील. किती ‘बिलो’ जायचं हा आकडा ते शेजारच्याचं बघून ठरवतील, जर आपण त्यांना दुसरं काही दिलं नाही तर. पैशाचं कालमूल्य हा धडा पुस्तकात सूत्रानं सुरू होतो. तुम्ही तो बाजाराच्या दिवशीच्या खर्चीनं सुरू करा. सूत्र नंतर आपोआप गळी उतरतं.

भाववाढीचं कलमही इथंच घ्या. 2022 च्या उन्हाळ्यात सळईचे दर इतके चढले होते की मे महिन्यात केंद्र सरकारनं पोलादाच्या निर्यातीवर 15 टक्के शुल्क लावलं आणि नोव्हेंबरमध्ये काढून घेतलं. त्या आधी ज्यांनी निविदा भरल्या आणि ज्यांच्या करारात भाववाढीचं कलम नव्हतं, त्यांचं काय झालं असेल? घाऊक किंमत निर्देशांक कसा काढतात हे शिकवताना मुलं पेंगतात. पण त्या निर्देशांकावर आपलं बिल वाढतं-घटतं हे कळलं की स्वतःहून तक्ता उघडतात.

आता त्या सेंटरिंगवाल्या मुलाकडे येऊ. तुम्हाला वाटतं त्याच्यामुळे वर्गात तुमचा अधिकार कमी होतो. उलट आहे, तुमच्या हाती लागलेला तो सगळ्यात मोठा आधार आहे. त्याला पुढे बोलवा, खडू त्याच्या हातात द्या आणि विचारा: वडिलांकडे प्लेटा (साच्याचे पत्रे) किती, जॅक (टेकू) किती, स्वतःचे का भाड्याचे, आणि स्लॅब पडल्यावर किती दिवसांनी काढता? आयएस 456 ह्या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, साधं पोर्टलँड सिमेंट आणि नीट पाणी मारलेलं असेल तर, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू 7 दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठ्या गाळ्याला 14 दिवस. बीमला 6 मीटरपर्यंत 14, त्यापुढे 21. प्लेटा स्वतःच्या असल्या तरी त्या एका कामात अडकून पडल्या की दुसरं काम हातचं जातं. हा संधी-खर्च. त्या मुलानं घरी तो जेवताना ऐकलेला असतो, त्याला फक्त नाव नसतं. दोन जोड प्लेटा घ्याव्यात की एकाच जोडावर दोन कामं ओढावीत, हा त्याच्या वडिलांचा खराखुरा प्रश्न आहे. वर्गाला तो सोडवू द्या.

आणि मग पुढचा प्रश्न तुम्ही विचारा. चौदाच्या जागी दहाव्या दिवशी टेकू काढले तर चार दिवसांचं भाडं वाचलं. ते कुणाला मिळालं? स्लॅब वाकला, भेगा गेल्या किंवा त्याहून वाईट झालं तर ते कुणी भोगलं? फायदा एकाच्या खिशात आणि धोका खाली राहणाऱ्या घराच्या डोक्यावर. पुस्तकात ह्याला बाह्य परिणाम म्हणतात आणि कारखान्याच्या धुराचं उदाहरण देतात. तुमच्या वर्गाला टेकूचं द्या. सात आणि चौदा दिवसांचा नियम कागदावर का लिहावा लागतो, हे त्यातून जसं कळतं तसं ‘नियम पाळा’ म्हणून सांगून कळत नाही. अर्थशास्त्र म्हणजे फक्त काटकसर, असा समज घेऊन एकही मूल तुमच्या वर्गातून बाहेर पडू नये, एवढी काळजी घ्या.

किंमत-नियंत्रणासाठी गहू-तांदळाचं रेशन शिकवायची गरज नाही. इमारतीचंच उदाहरण आहे आणि ते मुंबईचं आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी 1940 सालच्या सप्टेंबरातल्या पातळीला बांधली. युद्धानंतर शहरात जागेची टंचाई होती आणि भाडेकरूंना आधार हवा होता. हेतू वाईट नव्हता. पण ती भाडी दशकानुदशकं तशीच राहिली. पाच-दहा रुपये भाड्यात मालक गच्ची कशाला दुरुस्त करेल? तुळया कुजल्या, गॅलऱ्या टेकूंवर आल्या. जागेची खरी किंमत मग पागडीच्या, म्हणजे भाड्याखेरीज एकरकमी घ्यायच्या पैशांच्या, वाटेनं बाहेर पडली. 1969 मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ आणि उपकर आणावा लागला; अशा उपकरप्राप्त इमारती 19,000 हून अधिक होत्या. पावसाळ्यात मुंबईतली जुनी इमारत पडल्याची बातमी मुलं दरवर्षी बघतात. तो पडलेला सज्जा आणि फळ्यावरची किंमत-मर्यादेची आडवी रेघ ह्यांचा संबंध त्यांना दाखवा. सोलापुरातही जुन्या भाडेकरूंचे वाडे असतील, एखादा बाहेरून बघून यायला सांगा.

रेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा, थोडक्यात घ्या पण घ्या जरूर. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवायचे आणि काम जितकं झालं त्या प्रमाणातच काढायचे, तेही अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापालाच्या दाखल्यावर. ह्याचं कारण कायद्याच्या भाषेत सांगू नका. एका इमारतीचा पैसा दुसऱ्या जमिनीत गेला की पहिली इमारत तिसऱ्या मजल्यावर का थांबते, हे रोकडीच्या तक्त्यानं दाखवा. त्यातला अभियंत्याचा दाखला उद्या ह्यांच्यापैकी कुणीतरी देणार आहे.

मजूर अड्ड्यावर एकदा सकाळी वर्ग घेऊन जा. आठ वाजता जो रोज ठणकावून मागितला जातो तो दहा वाजता का उतरतो, हे एका सकाळीत कळतं. तिथं उभ्या असलेल्यांपैकी किती जणांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे तेही विचारा. बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकरातून त्या मंडळाचा निधी उभा राहतो, आणि नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला द्यायला मालक का टाळतात, ह्याचं उत्तर तुमच्या मुलांना अड्ड्यावरच मिळेल.

परीक्षेचं विचारलं नाहीत, पण सांगतो. विद्यापीठाची किंवा मंडळाची प्रश्नपत्रिका तुमच्या हातात नाही, अंतर्गत गुण आहेत. ‘घटत्या सीमांत उत्पादनाचा नियम लिहा’ असं विचारू नका. एक छोटं अंदाजपत्रक द्या, त्यातला एक आकडा बदला – सिमेंट महाग, बिल उशिरा, मजूर कमी – आणि तुम्ही काय कराल, का कराल, हे दहा ओळींत लिहायला सांगा. ‘का’ला जास्त गुण ठेवा. व्याख्या तर ती लिहितीलच. ज्याला ‘का’ लिहिता आलं त्याला व्याख्या आठवायला कष्ट पडत नाहीत. एवढं केलं तर मुख्य परीक्षेतही गुण कमी होणार नाहीत, वाढतील.

सहकाऱ्यांशी वाद घालू नका. तासिकेवर येणाऱ्या माणसाला तो परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. नोट्सही द्या, मुलांना त्या लागतातच. फक्त आधी बिल, मग नोट्स. अंदाजपत्रक शिकवणारे जे कुणी असतील त्यांच्याशी मात्र मैत्री करा. त्यांचा दर आणि तुमचं ‘का’ असे दोघांनी मिळून दोन तास घेतलेत तर मुलांना दोन विषय वेगळे वाटणारच नाहीत.

आता येत्या सुट्टीचं. त्या मुलाला विचारा, वडिलांचा स्लॅब कधी आणि कुठं आहे. सकाळी सातपूर्वी पोचा. चपला नकोत, बूट घाला, ओढणी घट्ट खोचून घ्या, हेल्मेट मागून घ्या. पहिले दोन तास काही विचारू नका, नुसतं मिक्सरकडे बघा आणि खेपा मोजा. दहाच्या सुमारास चहा येतो, तेव्हा त्याच्या वडिलांशी बोला. प्लेटांचं भाडं, खर्ची, मागच्या कामाचं अडकलेलं बिल, सगळं सांगतील. लोक सांगतात, कुणी विचारत नाही म्हणून गप्प असतात. वहीत त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. दुपारी घरमालक स्लॅबचं जेवण देतो आणि मास्तरीणबाई आल्यात म्हटल्यावर तुम्हालाही आग्रह करतील. घाईनं निघू नका. पंगतीला बसा.

– तुमचा स्नेहांकित